काच भरलेलं नायलॉन ६६: ताणचाचणीत बार पास, ब्रॅकेट मात्र बॉसपाशी तडकतो

मांजलपूरकर (८ जुलै, रात्री ९:४०)

मंडळी, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) चालणाऱ्या एका जॉबबद्दल मत हवं आहे. नायलॉन ६६, ३०% काच (बारीक तंतूंच्या रूपात), काळा ग्रेड. ब्रॅकेटची भिंत २.५ मिमी, एका टोकाला एम६ बोल्टसाठी बॉस (पोकळ खांब), त्यात पितळी बुश (धातूची नळी) साच्यातच ठेवून मोल्डिंग. रनरसकट (साच्यातल्या वाटेत गोठणारा माल धरून) शॉट, म्हणजे एका वेळी साच्यात जाणारा माल, ४२ ग्रॅम, नुसता पार्ट ३८ ग्रॅम.

मशीनचा स्क्रू ४५ मिमी, जास्तीत जास्त शॉट २५० ग्रॅम. बॅरल (दाणा वितळवणारी नळी) २८५-२९०-२९५-३००, नोझल २९५. स्क्रू १८० आरपीएम, बॅक प्रेशर (मागे सरकताना स्क्रूवर ठेवलेला दाब) १२ बार. होल्ड (साचा भरल्यावर दाब धरून ठेवणं) ३ सेकंद, कूलिंग २०, पूर्ण सायकल ३५. साच्याला कूलिंग टॉवरचं पाणी, पृष्ठभागाचं तापमान ४०°से. साध्या गरम हवेच्या हॉपर ड्रायरमध्ये ८०°से वर ४ तास. ग्राइंडिंग (दळून परत वापरलेला माल) २५%.

दुसऱ्या दिवशी असेंब्लीत ८ न्यूटन-मीटरला बोल्ट आवळताना बॉस उभा तडकतो. सगळे नाहीत, पण तडा नेहमी एकाच बाजूला, गेटच्या (माल पार्टमध्ये शिरतो त्या तोंडाच्या) बरोबर समोर. त्याच लॉटच्या दाण्याचे टेस्ट बार १८२ मेगापास्कल देतात. मग दाणा वाईट कसा म्हणायचा?

---

सुरसागर (८ जुलै, रात्री ११:०५)

दाणा वाईट नाहीच. दाण्याच्या ताकदीला पार्टची ताकद समजणं ही चूक आहे. पार्ट कमजोर होण्याची दोनच कुळं असतात. एकतर पॉलिमरची साखळी तुटलेली असते (पाणी, जादा उष्णता, बॅरलमध्ये जादा वेळ), नाहीतर साखळी शाबूत असून रचना बिघडलेली असते (तुटलेले तंतू, वेल्ड लाईन, पोकळी, अर्धवट स्फटिकीकरण, अडकून राहिलेला ताण). पहिल्या कुळाचा इलाज ड्रायर आणि बॅरलमध्ये, दुसऱ्याचा स्क्रू, गेट आणि साच्यात. दोन्हींवर एकदम हात टाकला तर काय सुधारलं तेच कळत नाही.

तुमच्या आकड्यांत स्क्रूचा वेग मला सगळ्यात जास्त खटकला. आरपीएम स्क्रूच्या व्यासाशिवाय निरर्थक असतो, स्क्रूच्या कडेचा वेग बघा. ४५ मिमी व्यासाला १८० आरपीएम म्हणजे ३.१४ × ०.०४५ × ३ = सेकंदाला ०.४२ मीटर. काच भरलेल्या मालाला ०.२ मीटरच्या आसपास थांबावं, म्हणजे ८५ आरपीएम. तुम्ही दुपटीने पळवताय. त्यात १२ बार बॅक प्रेशर. हा हायड्रॉलिक आकडा असेल तर बऱ्याच मशीनवर मालावरचा दाब त्याच्या सुमारे दहापट असतो, म्हणजे १२० बार. काचेला ३ ते ५ बार हायड्रॉलिक पुरेत. दाण्यात तंतू साधारण ०.३ मिमीच्या घरात असतात. ते स्क्रूच्या फीड आणि कॉम्प्रेशन भागात, अर्धवट वितळलेल्या दाण्यांमध्ये रगडून मोडतात. पार्ट जाळला तर राखेत काच ३०% च भरते, पण आखूड झालेली काच भार पेलत नाही, नुसती भरणी म्हणून बसून राहते.

बॅरलमधला वेळही काढा. ढोबळ हिशेबाने बॅरलमध्ये जास्तीत जास्त शॉटच्या दुप्पट माल असतो, इथे ५०० ग्रॅम. ५०० भागिले ४२ म्हणजे जवळजवळ १२ शॉट, गुणिले ३५ सेकंद म्हणजे सुमारे ७ मिनिटं. ३००°से ला ७ मिनिटं हा नायलॉन ६६ साठी काठावरचा मामला आहे. शिवाय १८० आरपीएमच्या घर्षणाने माल सेट केलेल्या आकड्यापेक्षा गरम असणार. पर्ज केलेल्या (बॅरलमधून बाहेर सोडलेल्या मालाच्या) लोळ्यात सुईचा पायरोमीटर आधी तापवून खुपसा आणि खरं तापमान लिहून ठेवा. कंट्रोलर बॅरलच्या पोलादाचं तापमान दाखवतो, मालाचं नाही.

---

टूलरूम_वाघोडिया (९ जुलै, सकाळी ७:२०)

तडा गेटच्या समोर आहे, यातच अर्धं उत्तर आलं. माल बुशला दोन्ही बाजूंनी वळसा घालतो आणि पलीकडे भेटतो. तिथे वेल्ड लाईन पडते. बिनकाचेच्या मालात वेल्ड लाईन बऱ्यापैकी जुळते, पण काच भरलेल्या मालात दोन्ही आघाड्यांवरचे तंतू जोडरेषेला समांतर लोळतात, आरपार जात नाहीत. तिथे काच असून नसल्यासारखीच. ३०% काचेच्या नायलॉनला वेल्ड लाईनवर मूळच्या निम्मी ताकद मिळाली तरी समाधान मानावं. आणि बोल्ट आवळताना बॉसवर येणारा घेराचा ताण नेमका त्या रेषेला उघडायला बघतो.

साच्यात काय बघायचं ते सांगतो.

व्हेंट (हवा निघायची फट). दोन आघाड्यांमध्ये कोंडलेली हवा दाबली जाऊन तापते, माल जाळते आणि जोड होऊ देत नाही. नायलॉन पातळ असतं, म्हणून व्हेंटची खोली ०.०१५ मिमी, फार तर ०.०२. याहून खोल गेलात तर फ्लॅश, म्हणजे माल फटीतून बाहेर. पार्टपासून १ ते १.५ मिमी लांबीपर्यंत ही खोली ठेवा, पुढे अर्धा मिमी खोल करून हवा बाहेर मोकळी काढा. बॉस आंधळा (एका टोकाला बंद) असेल तर पार्टिंग लाईनवरचा (साच्याचे दोन भाग मिळतात तिथला) व्हेंट तिथवर पोचत नाही. पिनवरच तेवढ्या मापाचे चपटे घासावे लागतात. आणि ते दर आठवड्याला साफ झाले पाहिजेत, नायलॉनचा पांढरा थर त्यांना बुजवतो.

बुश. थंड पितळ मालाला टेकताच तो गोठतो, आणि पुढे माल आकसला की बॉसवर कायमचा घेराचा ताण बसतो. बोल्ट लावण्याआधीच बॉस ताणलेला असतो. बुश १००°से च्या आसपास तापवून ठेवा, आणि त्यावर मशीनिंगचं तेल राहिलेलं नाही याची खात्री करा. बुशच्या बाहेरच्या नर्लिंगला (पकडीसाठीच्या खाचांना) धार असेल तर तिथूनच तडा सुरू होतो.

गेटचं माप दिलं नाहीत. किती आहे?

---

मांजलपूरकर (९ जुलै, दुपारी १:१५)

सबमरीन गेट, ०.८ मिमी. बुश थंडच टाकतात, पेटीतून काढून सरळ साच्यात. बॅक प्रेशर हायड्रॉलिकच आहे.

एक शंका: वेल्ड लाईन जुळवायची तर बॅरल आणखी ५-१० अंश वर नेऊ का? इथे तसं सुचवणारे दोघे भेटले. आणि साचा ८०-९० वर नेला तर सायकल वाढेल, त्याला मालक तयार होणार नाहीत.

---

टूलरूम_वाघोडिया (९ जुलै, दुपारी १:४०)

२.५ मिमीच्या भिंतीला ०.८ चा गेट, तोही काचेला! गेट भिंतीच्या निम्म्याहून जास्तच हवा, १.५ मिमी धरा. स्क्रूमध्ये वाचलेले तंतू या फटीत मोडतायत, आणि गेट लवकर गोठल्यामुळे बॉसपर्यंत होल्ड पोचतच नाहीये.

---

सुरसागर (९ जुलै, रात्री १०:३०)

बॅरल वर नेऊ नका. बिनकाचेच्या पीपीला (पॉलिप्रॉपिलीनला) तो सल्ला ठीक आहे, तुमच्याकडे आधीच ७ मिनिटं आणि ३०० अंश आहेत. वेल्ड लाईनवर जे मिळवाल त्याहून जास्त साखळी तोडून घालवाल. जोड गरम ठेवायचा तो साच्याच्या बाजूने, आणि भरण्याचा वेग वाढवून.

आता साच्याचं तापमान. यावर सगळ्यात कमी खर्च होतो आणि पार्टच्या तब्येतीवर याचा मोठा वाटा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नायलॉन ६६ अर्धस्फटिकी. कोरड्या अवस्थेतलं त्याचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्याखाली साखळ्या हलेनाशा होतात) ५० अंशांच्या वर असतं. ४० अंशांच्या साच्यात बाहेरची कातडी त्या तापमानाखाली झटक्यात जाते, साखळ्यांना घडी घालून बसायला वेळच मिळत नाही. कातडी अर्धवट स्फटिक, गाभा जास्त स्फटिक, आणि दोघांच्या आकसण्यात फरक. हा फरक ताण म्हणून पार्टमध्ये राहतो. पुढे पार्ट गाडीच्या बॉनेटखाली तापला की राहिलेलं स्फटिकीकरण तिथे होतं, पार्ट आणखी आकसतो, बुशभोवती आणखी आवळतो. साचा ८० ते ९० वर असेल तर हे सगळं साच्यातच उरकतं. पृष्ठभागही मालाने भरलेला दिसतो, काचेचे पांढरे फराटे कमी होतात.

सायकलचा हिशेब करून बघा. थंड व्हायचा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. २.५ मिमी भिंत, माल २९०, पार्ट १५० अंशांना काढायचा असं धरलं आणि मालाची उष्णताविसरणक्षमता सेकंदाला ०.१ चौरस मिमी घेतली, तर ४० अंशांच्या साच्यात ढोबळ ७ सेकंद येतात, ८५ अंशांच्या साच्यात ९. फरक दोन सेकंदांचा! बॉस जाड असेल तर दोन्ही आकडे वाढतील, पण तुमचे २० सेकंद मुळातच सैल आहेत. ते १४-१५ वर आणता आले तर साचा गरम करूनही सायकल घटेल, आणि बॅरलमधला वेळही घटेल. मालकांना हे कागदावर दाखवा. ९० पर्यंत साधा पाण्याचा एमटीसी (साच्याचं तापमान राखणारं यंत्र) चालतो, त्याहून वर दाबाचं पाणी किंवा तेल.

होल्डचे ३ सेकंद कुठून आले ते विचारत नाही, नव्याने काढा. २ सेकंदांपासून १-१ ने वाढवत १० पर्यंत जा. होल्ड जेवढा वाढवाल तेवढं कूलिंग कमी करा, म्हणजे सायकल तीच राहते. प्रत्येक सेटिंगला पहिले पाच शॉट टाकून द्या, पुढचे तीन रनर तोडून ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. वजन वाढत वाढत एका ठिकाणी थांबेल, तिथे गेट गोठला. त्यात अर्धा-एक सेकंद मिळवा आणि थांबा. कुशन (शेवटी स्क्रूपुढे उरणारा माल) शॉटगणिक ३ ते ६ मिमीत स्थिर आहे का तेही बघा. कुशन शून्य असेल तर होल्डचा आकडा काहीही ठेवा, साच्यात दाब पोचत नाही. शेवटी एक बॉस मधून कापून पॉलिश करा. मध्ये पोकळी दिसली तर समजा पॅकिंग अपुरं होतं.

---

रावपुरेकर (१० जुलै, सकाळी ८:५०)

सगळे साच्यावर गेलात, पण जुलै चालू आहे! बडोद्यात या दिवसांत हवेचा दवबिंदू २४-२५°से च्या आसपास असतो. गरम हवेचा हॉपर ड्रायर ही बाहेरचीच हवा तापवून आत सोडतो. हवा गरम झाली तरी तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं. भिजलेल्या दाण्याला तो थोडंफार सुकवेल, पण नायलॉनला हवं तेवढं नाही. डीह्युमिडिफायर ड्रायर (आधी हवाच कोरडी करणारा) हवा, दवबिंदू उणे ३० किंवा खाली, ८०°से, ४ तास. सॅक फोडून ठेवली असेल तर ४ तास पुरणार नाहीत.

लक्ष्य ०.२% च्या खाली, पण ०.०५% च्याही खाली नेऊ नका. फार कोरडं नायलॉन घट्ट होतं, भरायला जड जातं. ड्रायर ११० वर ठेवून वेळ वाचवायचा प्रयत्नही नको, दाणा पिवळा पडतो. तुमचा ग्रेड काळा आहे, म्हणून ना पिवळेपणा दिसणार ना सिल्व्हर स्ट्रीक (पाण्यामुळे उमटणारे चंदेरी फराटे) नीट दिसणार. नोझलमधून माल गळणं आणि पर्जचा लोळा फसफसणं, या दोन खुणांवर नजर ठेवा.

आणि ते २५% ग्राइंडिंग कुठे ठेवलंय? मशीनशेजारी उघड्या ड्रममध्ये असेल तर दाणा कितीही सुकवा, पाव भाग ओलाच जाणार. ते वेगळं सुकवा, चाळून भुकटी काढा. भुकटी आधी वितळते आणि जळते.

---

पोर_फाटा (१० जुलै, दुपारी १२:०५)

ग्राइंडिंग बंदच करा की. काचेच्या मालाला रिग्राइंड म्हणजे तंतूंचा दोनदा मोड.

---

सुरसागर (१० जुलै, दुपारी २:३०)

बंद करायची गरज नाही, फक्त हाच रनर, हाच ग्रेड, त्याच पाळीत परत गेला पाहिजे. ४२ पैकी ४ ग्रॅम रनर, म्हणजे या पार्टचं स्वतःचं ग्राइंडिंग १०% च्या आतच निघतं. मग २५% येतं कुठून? दुसऱ्या पार्टचा किंवा बाहेरचा माल मिसळतोय. बडोद्यात हे विशेष जपायला हवं. जीएसएफसी (गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स) इथेच नायलॉन ६ बनवते, त्यामुळे नायलॉन ६ चा रनर आणि भंगार इथल्या शेडमध्ये सहज फिरतं. काळं ग्राइंडिंग एकदा ड्रममध्ये गेलं की ६ कुठलं आणि ६६ कुठलं हे डोळ्याला कळत नाही. ६ वितळतं २२० अंशांना, ६६ वितळतं २६० ला. ६६ च्या बॅरलमध्ये ६ गेलं तर ते त्याच्या नेहमीच्या तापमानापेक्षा बरंच जास्त भाजलं जातं, आणि गोठण्याचा क्रमही बिघडतो.

---

कसोटी (१० जुलै, रात्री ९:१५)

वरचे सगळे अंदाज तपासता येतात. प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिते.

६ आणि ६६ ची भेसळ: पार्टचा काही मिलिग्रॅमचा तुकडा डीएससीवर (नमुना तापवून तो कुठे वितळतो ते दाखवणाऱ्या उपकरणावर). २६० च्या शिखराशिवाय २२० जवळ दुसरं शिखर दिसलं तर भेसळ पक्की.

साखळी तुटली का: नायलॉनला एमएफआयवर (वितळलेल्या मालाच्या वाहण्याच्या दरावर) विसंबू नका, नमुन्यातल्या पाण्याने आकडा हलतो. आयएसओ ३०७ प्रमाणे व्हिस्कॉसिटी नंबर (द्रावणाच्या घट्टपणावरून साखळीची लांबी सुचवणारा आकडा) काढा, दाण्याचाही आणि तडकलेल्या पार्टचाही. द्रावणातली काच गाळून घ्या आणि तिचं वजन नमुन्याच्या वजनातून वजा करा. ३०% काच वजा करायची राहिली तर पॉलिमर कमी आणि आकडा खोटा. दाणा आणि पार्ट यांच्यातला फरक मोठा असेल तर रावपुरेकरांचा ड्रायर आणि सुरसागरांचा बॅरल, हे दोनच संशयित. फरक किरकोळ असेल तर साचा, गेट आणि तंतू.

तंतू मोडले का: बॉसजवळचा २-३ ग्रॅमचा तुकडा क्रुसिबलमध्ये ६००°से वर जाळा. राखेचं वजन म्हणजे काचेचं प्रमाण. मग ती राख न चोळता पाण्यात हलकेच पसरून स्लाइडवर घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोनएकशे तंतू मोजा. दाण्याच्या राखेचेही तसेच मोजा. चिमट्याने ढवळलंत तर तुम्हीच तंतू मोडाल.

आणि १८२ मेगापास्कलबद्दल. टेस्ट बारला एका टोकाला गेट असतो, तंतू लांबीने निजतात आणि आपण लांबीनेच ओढतो. मालाची ती सगळ्यात चांगली दिशा. शिवाय तो बार कोरडा, नुकता मोल्ड केलेला. याच ग्रेडने हवेतलं पाणी घेतलं की ताकद १२०-१३० पर्यंत उतरते, पण लवचिकता आणि आघात सहन करण्याची क्षमता वाढते. तुमची असेंब्ली दुसऱ्याच दिवशी होते, म्हणजे पार्ट अजून हाडासारखा कोरडा आहे.

---

पोर_फाटा (११ जुलै, सकाळी १०:१०)

मग पार्ट पाण्यात उकळून का देत नाहीत? सगळीकडे करतात.

---

कसोटी (११ जुलै, दुपारी १:००)

करतात, आणि कंडिशनिंग (पार्टला ठरावीक पाणी पाजणं) म्हणून ते बरोबरच आहे. पण त्याने वेल्ड लाईन जुळत नाही आणि तुटलेली साखळी सांधत नाही. बिघडलेला पार्ट उकळून पास करून घेतला तर तो पुढे ग्राहकाकडे तुटेल.

करायचंच असेल तर वजनावर करा. ३०% काचेचं नायलॉन ६६ ५०% आर्द्रतेच्या हवेत शेवटी दीड-पावणेदोन टक्के पाणी धरतं. १.६% धरलं तर तुमच्या ३८ ग्रॅमच्या पार्टमध्ये (बुशचं वजन आधी वजा करा) सुमारे ०.६ ग्रॅम. तेवढं वजन वाढलं की पाण्यातून बाहेर काढा आणि बंद पिशवीत एक-दोन दिवस ठेवा, म्हणजे कातडीतलं पाणी गाभ्यात मुरेल. तासांवर जाऊ नका, वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो: ४ मिमीला २.५ मिमीच्या अडीचपट. शास्त्रशुद्ध पद्धत आयएसओ १११० ची, ७०°से आणि ६२% आर्द्रता. मापं वाढतात, म्हणून गेजिंग (मापतपासणी) कंडिशनिंगनंतर करा.

याची खरी गरज डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा आपल्याकडची हवा कोरडी, पार्ट आपोआप पाणी घेत नाही. पावसाळ्यात पास होणारा पार्ट हिवाळ्यात तडकतो तो बहुधा यामुळे.

---

पोर_फाटा (११ जुलै, दुपारी ३:२५)

पॉलिकार्बोनेटच्या कव्हरला हेच सगळं लागू? स्क्रूच्या खांबांना महिन्याभराने बारीक चिरा येतात.

---

कसोटी (११ जुलै, रात्री ८:४०)

पाण्याचा नियम जास्त कडक आहे: १२०°से, ३-४ तास, ०.०२% च्या खाली. पॉलिकार्बोनेटला एमएफआय चालतो, ३००°से आणि १.२ किलोवर, नमुना सुकवून. पार्टचा आकडा दाण्यापेक्षा पाव-तृतीयांशाने वर गेला असेल तर साखळी तुटली म्हणा. कंडिशनिंगचा मात्र काही संबंध नाही. उशिरा येणाऱ्या चिरा बहुतेक अडकलेल्या ताणाच्या असतात: साचा थंड, होल्ड जादा, किंवा धागा कापत जाणारा स्क्रू. साचा ८०-१०० वर न्या, खांबाच्या मुळाशी किमान अर्धा मिमी त्रिज्या द्या. ग्रीस, कटिंग ऑइल, मऊ पीव्हीसी वायर यांपैकी काही चिकटून असतं का ते बघा, त्यांतली द्रव्यं ताणलेल्या पॉलिकार्बोनेटला फोडतात. ताण तपासायला टोल्युइन एक भाग आणि नॉर्मल प्रोपॅनॉल तीन भाग. यात पार्ट काही मिनिटं बुडवला की जिथे ताण जास्त तिथे चिरा उमटतात. एक्झॉस्ट लावून, हातमोजे घालून, आगीपासून लांब. बाकीसाठी वेगळा धागा काढा, हा नायलॉनचा राहू द्या.

---

मांजलपूरकर (१६ जुलै, रात्री ९:५५)

उशीर झाला. राखेत काच बरोबर आहे, पण पार्टमधले तंतू दाण्यातल्यापेक्षा सरळ दिसण्याइतके आखूड आहेत. डीएससीवर २२० जवळ छोटं शिखर आलं, म्हणजे ड्रममध्ये नायलॉन ६ होतंच. तो ड्रम बाजूला काढला, आता फक्त स्वतःचा रनर. ८५ आरपीएम, ४ बार, बॅरल २७५ ते २८५, बुश तापवून, साचा भाड्याच्या एमटीसीवर ८५. होल्डची वजनं जुन्या गेटवर घेतली: ४ सेकंदांनंतर वजन वाढत नाही. डीह्युमिडिफायरचं कोटेशन मागवलंय, तोवर सॅक लागेल तशीच फोडतो.

८ न्यूटन-मीटरला आता क्वचितच तडकतोय, पण तडकतो तेव्हा तीच जागा. गेट १.५ करायला आणि पिनवर व्हेंट घासायला साचा उद्या टूलरूमला जातोय.

---

टूलरूम_वाघोडिया (१६ जुलै, रात्री १०:२०)

गेट एकदम १.५ करू नका, १.२ वर ट्रायल घ्या, मग पुढे. पोलाद कापता येतं, परत भरणं महाग पडतं. आणि व्हेंट आधी, गेट नंतर, मध्ये एक ट्रायल.

---

सुरसागर (१६ जुलै, रात्री १०:४५)

प्रत्येक ट्रायलला वीस पार्ट बोल्ट आवळून तुटेपर्यंत न्या आणि टॉर्क लिहा. ८ ला पास-नापास एवढंच बघितलं तर ९ ला तुटणारा आणि १४ ला तुटणारा पार्ट सारखाच दिसेल. तोडायच्या आधी सगळे पार्ट सारखेच कोरडे असू द्या, मोल्डिंगनंतर बंद पिशवीत ठेवलेले. आणि गेट मोठा झाला की होल्डची वजनं पुन्हा घ्या, ते ४ सेकंद ०.८ च्या गेटचे आहेत.

---

मांजलपूरकर (१६ जुलै, रात्री ११:०२)

बरं. आधी व्हेंट, वीस पार्ट, मग १.२. टॉर्कचे आकडे इथेच टाकतो.